मागची बाजू

भीमराजनं अठरा वर्षं हातात ब्रश धरला आणि अठरा वर्षं त्याच्या कार्डावर ‘हेल्पर’ हेच लिहिलेलं राहिलं. आजही आठवलं की माझं डोकं फिरतं.

मी इनायत, पिंपरीच्या त्याच कंपनीत, त्याच पॅटर्न शॉपमध्ये सुतार होतो. ओतकामासाठी वाळूत दाबून ठसा घ्यायचे लाकडी नमुने मी करायचो, भीमराज त्यांना लाख आणि रंग द्यायचा. थेरगावहून सायकलवर यायचा, आल्या आल्या चपडा लाख स्पिरिटमध्ये भिजत घालायचा आणि फडक्यातून गाळून घ्यायचा. पहिला हात वाळला की लाकडाची बारीक कुसळं उभी राहतात. ती झिजलेल्या पॉलिश पेपरनं हलक्या हातानं घासायची, मग दुसरा हात. त्यानं रंगवलेल्या नमुन्यावरून बोट फिरवलं तर काचेवरून फिरवल्यासारखं वाटायचं. पण पेंटर म्हणून लागायला कसलं तरी सर्टिफिकेट हवं होतं, आणि ते त्याच्याकडे नव्हतं.

त्याची मुलगी नीला चौथीत होती. शाळेच्या फॉर्मवर वडिलांच्या धंद्यापुढे तिनं ठळक अक्षरात ‘पेंटर’ लिहिलं. भीमराजला ते खोडवेना. मला म्हणाला, “इनायतभाई, पोरीनं लिवलंय, आता खरं करायला पायजे.”

चौऱ्याहत्तर साली ते खरं व्हायची वेळ आली होती. आमचे मोठे साहेब जर्मनीहून खेळण्यातल्या रेल्वेचा संच घेऊन आले. पंधरा ऑगस्टला कामगारांच्या बायकामुलांना कारखाना दाखवायचे, तेव्हा कँटीनच्या टेबलावर ती गाडी धावणार होती. गाडी आयती होती, पण स्टेशन आणि सिग्नलची केबिन पातळ लाकडाच्या सुट्ट्या तुकड्यांत आली होती. तुकड्यांची छिद्रं लाख लावून बुजवायची, ते रंगवायचे आणि मग जोडायचे. साहेब स्वतः शॉपमध्ये आले नि म्हणाले, “भीमराज, हे नीट झालं तर तुझ्या पेंटरच्या ग्रेडचं मी बघतो.”

आम्ही त्याला चिडवलं. आमच्याकडे ओतलेल्या मालाच्या ज्या भागावर पुढे मशीन चालायचं, तो नमुन्यावर लाल रंगवायचे. पेटीवरच्या चित्रात स्टेशनचं दार लाल होतं. मी म्हटलं, “भीमराज, दारावर मशीन चालवायचंय काय रे?” तो हसला. तेवढंच एकदा हसला.

कारण स्पिरिट. कोणी पिऊन मेलं तर कोण निस्तरणार, म्हणून ते स्टोअरमध्ये कुलपात असायचं आणि चिठ्ठीवर आमचे फोरमन बबनराव सही करायचे. भीमराजनं एक लिटर मागितलं. बबनरावांनी अर्धा केला.

“एवढं कशाला लागतं?”

“दोन्ही बाजूंनी लावावं लागतं, बबनराव. लाकूड पातळ हाय. एकीकडूनच लाख लावली तर दुसरी बाजू हवेतली ओल पिणार. मग वाकतंय ते.”

“अरे, मागची बाजू कोण बघणार? ती आत जाते.”

तीन दिवस हेच चाललं. भीमराज चिठ्ठी न्यायचा, बबनराव तेच वाक्य फेकायचे. मीही तोंड घातलं तर मला म्हणाले, “तू तुझा रंधा मार.” असा संताप झाला, पण फोरमनशी भांडून आम्ही जाणार कुठे?

शेवटी त्या अर्ध्या लिटरमध्ये भीमराजनं केबिनच्या सगळ्या तुकड्यांना पुढून-मागून लाख लावली. स्टेशनला तो हात लावेना. “अर्धवट काम माझ्या हातून व्हायचं न्हाई,” म्हणाला. बबनराव भडकले. उरलेली लाख घेऊन त्यांनी स्वतः स्टेशनच्या भिंती पुढून माखल्या, वर रंग फासला आणि जोडून टाकलं.

ऑगस्टची ओली हवा. पंधरा तारखेला कँटीनमध्ये गाडी झोकात धावली. केबिन ओळंब्यात उभी होती. शेजारचं स्टेशन मात्र पोट आत ओढून उभं राहिल्यासारखं खपाटीला गेलेलं, छप्पर एका कोपऱ्यात उचकटलेलं. पाहुण्यांपैकी कोणी तरी विचारलं, हे भूकंपातलं स्टेशन आहे का? पोरं हसली. आई कस्तुराचा हात धरून नीला तिथेच उभी होती. साहेबांचं तोंड पडलं.

“केबिन मी करून घेतली, साहेब,” बबनराव लगेच म्हणाले. “स्टेशन या हेल्परकडे दिलं होतं.”

भीमराजनं तोंड उघडलं, पण साहेब पाठ फिरवून निघून गेले होते.

आठवड्यानं त्याला मेमो मिळाला. त्यात लिहिलं होतं: भागांच्या मागील बाजूस लाख न लावण्याच्या हलगर्जीपणामुळे काम निकृष्ट झाले.

मी वाचून शिवी हासडली. भीमराजनं मेमो उलटा केला आणि नमुन्यांवर नंबर घालायचा तशा सुबक अक्षरात मागच्या कोऱ्या बाजूवर सगळी हकिकत लिहिली. स्पिरिट किती मागितलं, किती मिळालं, बबनराव काय म्हणाले, स्टेशन कोणी रंगवलं. खाली सही केली आणि ऑफिसात देऊन आला. उत्तर आलं नाही.

एक्याऐंशी साली बबनराव रिटायर झाल्यावर मीच त्याला ओढत ऑफिसात नेलं. म्हटलं, आता ग्रेडचं पुन्हा विचारू. क्लार्कनं फाईल काढली, पानं चाळली आणि मान हलवली. “हा मेमो आडवा येतो. मागची बाजू न रंगवल्याबद्दल आहे.”

मेमो जाड कागदावर डिंकानं पक्का चिकटवलेला होता.

“तेवढा सोडवून उलटून बघा, साहेब,” भीमराज म्हणाला.

“कशाला?” क्लार्कनं फाईलची नाडी बांधली. “मागच्या बाजूला काय असणार?”