मायबापाचं केळं

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी मैदानावर पोरांना पळवत होतो. शिट्टी तोंडातच राहिली... महिना होत आला, आता कुठे तिच्याबद्दल लिहायला बसवतंय. खरं सांगू? रडू कमी येतं, हसूच जास्त येतं. बाईच तशी होती!

माझे मायबाप एकाच पावसाळ्यात तापाने गेले. आमच्या गोंडांच्या गावाहून आत्याने मला शहरात, नंदनवन वस्तीतल्या तिच्या खोलीवर आणलं. ती इतवारी बाजारात भांड्यांच्या दुकानात झाडलोट करायची. मी कुणाशी बोलत नव्हतो. मायबापाचा विषय निघाला की उठून जायचो, म्हणून आत्यानेही तो काढणं सोडलं. शाळेच्या मैदानावर फुटबॉल पायाशी आला की तेवढं बरं वाटायचं. तेवढंच एक माझं होतं, अन् तेच जायची वेळ आली.

सराव संपला की सर सगळ्यांना केळी द्यायचे. आमच्यात पहिला घास गेलेल्यांचा असतो. मी केळ्याचा तुकडा मोडून कुंपणाजवळ मातीवर ठेवायचो. एकदा सरांनी ते पाहिलं आणि असे खवळले! "अन्न फेकणारा पोरगा मला संघात नको. उद्यापासून येऊ नकोस." मी काय सांगणार? मायबापाचा विषय काढावा लागला असता. घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडलो. आत्याने खोदून खोदून विचारलं, तेव्हा कुठे सांगितलं.

दुसऱ्या दिवशी बाई काम सोडून थेट मैदानात. "काहून गा सर, पोरानं आपल्या मायबापाले जेवू घालू नये का?" सर गोंधळले. मग तिने सगळ्यांसमोर माझ्या बापाचं नाव घेतलं, लच्छू. मायचं घेतलं, सोनी. किती दिवसांनी ऐकली ती नावं... आणि मी उठून गेलो नाही. तिथेच उभा राहून भोकाड पसरलं.

"अरे, मग सांगायचं ना लेका!" सर म्हणाले. "जा, बूट घाल."

पहिल्या सामन्याला आत्या नवं लुगडं नेसून आली. समोरच्यांनी आमच्यावर गोल केला, तर हिने जोरजोरात टाळ्या वाजवल्या! मी चिडलो, "आत्या, तो त्यांचा गोल होता वं!"

"मंग काय झालं? तेबी कोणाचं लेकरूच हाय ना."

परवा माझ्या संघावर गोल झाला आणि माझ्याच हातांनी टाळ्या वाजवल्या. पोरं बघतच राहिली. "सर, आपण हरून राहिलो ना!"

"माहीत आहे," मी म्हटलं. "वाजवा."