तात्यांनी दिलेला विषय

सव्वीस जानेवारीची सकाळ, झेंडावंदन नुकतेच झालेले. चऱ्होलीतल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मुलांची चित्रकला स्पर्धा. प्रवेश शुल्क दहा रुपये. हजर होतो मी खजिनदार म्हणून, आमचे अध्यक्ष, चटयांवर बसलेली तीस-पस्तीस मुले, त्यांच्या मागे उभे राहून "आकाश निळं कर, निळं" असे बजावणारे पालक, आणि कुणीही न बोलावलेले एक गृहस्थ. पांढरा पायजमा, पांढरी टोपी आणि पायांत नातवाचे असावेत असे हिरवेगार स्पोर्ट्स शूज. हात मागे बांधून ते एकेक चित्र बघत फिरत होते.

"ह्यो डोंगुर कुठला?" त्यांनी एका मुलाला विचारले.

"विषय निसर्गचित्र आहे, आजोबा."

"आन ह्यो नारळ? जलमभर हितं नांगर धरला म्या. माझ्या रानात नारळ लावला कुनी?"

मी चटयांवरून नजर फिरवली. सगळीकडे तेच. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, वाकडी नदी, झोपडी, नारळ. अध्यक्ष त्यांना बाहेर काढायला पुढे झाले, तेवढ्यात वॉचमनने कानात सांगितले की सोसायटीची जमीन यांचीच होती. अध्यक्षांनी स्वतः खुर्ची आणली.

अशी तात्यांची ओळख झाली. जाताना म्हणाले, "फुडल्या साली बक्षिसं माझी, इषय बी माझा."

देणगी घेताना मी आडपडदा ठेवत नाही. सरळ विचारले, "तात्या, वॉर्डात उभे राहणार आहात का?"

"आवो खजिनदार, मला घरातलं कुनी मत देत न्हाई. वॉर्ड कुठला देतोय?"

पुढच्या वर्षी त्यांनी विषय दिला 'इहीर'. आमच्या बी विंगखाली त्यांची विहीर बुजवली गेली होती. मुलांनी विहीर पाहिलेलीच नव्हती, म्हणून तात्या खुर्चीवर बसून सांगत राहिले आणि मुले ऐकून काढत राहिली. कुठल्या अंगाला पायऱ्या, कुठे उंबर वाकलेला, पारवे कुठल्या कपारीत. एकाने शिडी लावलेला स्विमिंग पूल काढला. तात्या पोट धरून हसले. "ह्येला पव्हायला तरी येतंय का इचारा!"

समोरच्या गाळ्यात सलीमभाईंचे गॅरेज आहे. माणूस मूळचा लातूरकडचा. त्यांची मुलगी झोया तेव्हा पाचवीत होती. काढण्यापेक्षा ती विचारायचीच जास्त. "आजोबा, पाण्यात आभाळ दिसायचं का? सावली कुठं पडायची?" बाकीचे पालक वैतागले. तात्यांनी पहिला नंबर तिला दिला आणि म्हणाले, "जी इचारती, तिचंच चित्तर खरं. बाकीची मनचं काढत्यात."

त्यानंतर खळे झाले, बैलजोडी झाली. स्पर्धेची चित्रे ते घरी न्यायचे. त्यांच्या बंगल्यातल्या संगमरवरी हॉलमध्ये ती चिकटपट्टीने लावलेली मी पाहिली आहेत. मुलगा विकास जमिनीचे व्यवहार करतो; तो कुरकुरायचा, "तात्या, रंग निघतोय भिंतीचा." त्यावर तात्या म्हणायचे, "रंग दुकानात मिळतूय. माझं खळं मिळतंय का बघ जा."

मागच्या वर्षी ते खूप वाळले होते. फुप्फुसाचे दुखणे होते. दोन वाक्यांमध्ये थांबावे लागे. विषय विचारल्यावर म्हणाले, "इकासची आई."

विकास रांगत होता तेव्हा ती गेली. तात्यांनी दुसरे लग्न केले नाही, एवढे गावात सगळ्यांना माहीत होते. मला माहीत नव्हते ते त्यांनी तेव्हा सांगितले. "तिचा फोटू न्हाई. फोटूला आळंदीला जावं लागायचं. म्हनली, एकदा जाऊ. म्हनलं, सुगी झाली का जाऊ. आता पोरं काढतील तेवढीच."

स्पर्धेच्या दिवशी तात्या सांगत होते: हिरवं लुगडं, पदराला ठिगळ पण टाके असे की दिसू नयेत. डोक्यावर भाकरीची पाटी, ती हाताने कधी धरायची नाही. बांधावरून चालायची ती अशी झपाट्याने, की मागच्याने पळावे. बैलांना नुसते जिभेने चुचकारायची, ते वळायचे.

चित्रे हातात आल्यावर ते एकेक लांब धरून बघू लागले. टपोरे डोळे, लाल ओठ, मालिकेतल्या सुना. एकेक कागद ते खाली ठेवत गेले. शेवटचा झोयाचा होता. बांधावरून पाटी घेऊन चाललेली बाई, पाठमोरी.

"तोंड कुठंय गं हिचं?"

"आजोबा, तोंडाचं तुम्ही सांगितलंच नाही. नाक कसं होतं, मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तुम्ही पाटीचंच सांगितलं."

"सांगतो की. नाक म्हंजी..." तात्यांनी डोळे मिटले. ओठ हलत होते. मुले वाट बघत होती. बऱ्याच वेळाने डोळे उघडून त्यांनी माझ्याकडे पाहिले, आणि पन्नास माणसांत मला एकट्यालाच सांगावे तसे म्हणाले, "खजिनदार, माझ्या ध्यानातच न्हाई वं."

झोया म्हणाली, "आठवलं की सांगा. मी काढून देईन."

त्यानंतर दर रविवारी तात्या गॅरेजसमोर येऊन बसू लागले. सलीमभाई टायर काढता काढता चहा सांगत. झोया पॅडवर कागद लावून बसे. "डोळे असे?" "न्हाई." "कपाळ मोठं?" "आसंल. न्हाई, न्हाई." मी एकदा म्हणालो, "तात्या, जवळपास जुळलं तरी घ्या की." ते चिडले. "जवळपासची बाई घेऊन काय करू? ती काय माझी हाय?"

दिवाळीच्या आधी ते येईनासे झाले. दिवाळीनंतर गेले.

दहाव्यानंतर विकास गॅरेजवर आला. मी पंक्चर काढायला थांबलो होतो. तो झोयासमोर उकिडवा बसला. "बाळा, तात्यांसाठी काढलेली... आहेत का गं? मला आई आठवतच नाही."

झोयाने गठ्ठा आणून दिला. सगळे चेहरे वेगवेगळे. विकासने सगळे पाहिले आणि विचारले, "यातलं कुठलं बरोबर आहे?"

"एकपण नाही, काका," ती म्हणाली. मग मधला एक कागद वर काढला. "पण याला आजोबा लगेच नाही म्हणाले नव्हते."

विकासने तो एकच कागद घेतला, घडी न घालता. झोयाच्या हातात पाचशे एक रुपये ठेवले. सलीमभाईंनी फडक्याला हात पुसले, वरचा एक रुपया तिच्या मुठीत राहू दिला आणि पाचशे परत केले.