तळं आपलं की भाड्याचं

सकाळी मी मुलांचे डबे भरत होते, धाकटी जाऊ मोरीत कपडे पिळत होती, तेवढ्यात दार वाजलं. दारात तळ्यांचे मालक. भाऊजी, म्हणजे माझा धाकटा दीर, मासे वाढवायला यांच्याचकडून दोन तळी भाड्याने घेतात, वर्षावर्षाच्या कराराने. करार संपायला अवकाश होता, म्हणून काम काहीतरी वेगळं आहे हे मी ओळखलं.

टेकल्याटेकल्या त्यांनी सांगून टाकलं. ते लेकीकडे राहायला निघालेत, तळी विकायची आहेत. गिऱ्हाईक तयार आहे, पण आधी विचारायचं ते भाऊजींना.

हातातला ओला टॉवेल तसाच खांद्यावर टाकून जाऊ बाहेर आली. किती वर्षं ती याचीच वाट बघत होती. भाड्याच्या तळ्याचा बांध खचला तर आपण दोन पोती माती टाकून वेळ मारून न्यायची. नवा बांध घालून फायदा कोणाचा? जन्मभर पाहुण्यासारखं राहायचं आणि वर घर आपणच झाडायचं, हा तिचा ठरलेला टोमणा. भाऊजींची स्वतःची जुनी जमीन पडून होती, ती विकली तर तळी घेणं जमण्यासारखं होतं.

भाऊजी भिंतीला टेकून बसले होते. हातांना खाद्याचा वास, चेहरा कोरा.

त्या जुन्या जमिनीत त्यांचं पहिलं तळं होतं, स्वतःचं. त्यात रोग आला. पाणी उपसलं, चुना टाकला, तळ उन्हात वाळवला, पुन्हा पिल्लं सोडली. पुन्हा मासे उताणे तरंगले. तरी तिसऱ्यांदा सोडली, कारण जमीन आपली. ती पिल्लंही मेली. भाड्याची असती तर पहिल्याच वर्षी उठून गेले असते. तेव्हापासून घरात त्यांचं हसणंही ऐकू येत नाही आणि चिडणंही.

“अहो, बोला की,” जाऊ म्हणाली. “का तुमच्या वतीने मालकांनीच हो म्हणायचं?”

मालक हसले.

“मला नको,” भाऊजी म्हणाले. “आपलं तळं बिघडलं की सोडून जाता येत नाही.” आज नळाला पाणी उशिरा येईल, असं सांगावं तसे.

जाऊ मोरीकडे वळली. चहा तसाच ठेवून मालक उठले. भाऊजी त्यांच्यामागे दारापर्यंत गेले.

“तुम्ही विका,” ते म्हणाले. “फक्त नव्या मालकांना एवढं सांगा, यंदाचे मासे बाजारात नेण्याजोगे होईपर्यंत तळ्यातलं पाणी सोडू नका.”