कपाशीतला चेंडू

गोल्फमध्ये पंच नसतो. खेळाडूची सदसद्विवेकबुद्धी हाच त्याचा पंच, आणि म्हणूनच जगातल्या सगळ्या खेळांत हा एक खेळ माणसाला चारित्र्य शिकवतो.

हे वाक्य माझं आहे. नाताळच्या सुट्टीच्या दिवशी, कळंब आणि राळेगावच्या मधल्या एका माळावर, मांडवात उभं राहून मी ते म्हटलं तेव्हा टाळ्या पडल्या. तोपर्यंत मला गोल्फ येऊन तीन आठवडे झाले होते, आणि चारित्र्य जाऊन साधारण पाऊण तास.

माळ माझ्या साडूचा. त्याची कापसाची जिनिंग आहे, बियाण्यांची एजन्सी आहे. पन्नाशीनंतर डॉक्टरांनी त्याला रोज चालायला सांगितलं. नुसतं चालणं त्याला कमीपणाचं वाटलं, म्हणून त्याने नऊ भोकांचं मैदान काढलं. प्रत्येक भोकाभोवतीच्या जागेला ग्रीन म्हणतात. आमच्याकडे पाणी नसल्यामुळे आठ ग्रीन वाळू आणि जळक्या तेलाचे, म्हणजे तपकिरी होते. फार्महाऊससमोरचा नववा तेवढा खरोखर हिरवा. फाटकाशी ग्रॅनाइटची कोनशिला होती. तिच्यावर अकरा नावं कोरलेली होती, म्हणजे भोकांपेक्षा दोन जास्त.

मी तीस वर्षं कॉलेजात इतिहास शिकवला. दरबार, मानाची वस्त्रं, पदव्या, तोफांच्या सलाम्या हे सगळं मुलांना हसत हसत सांगायची माझी पद्धत होती. निवृत्तीनंतर गावातले सत्कार पाहतानाही मी कोपऱ्यात बसून तसाच हसत आलो. साडूने स्पर्धेत खेळायला आणि शेवटी भाषण करायला बोलावलं तेव्हा, घरी सांगायला चार गमती मिळतील, एवढ्याच हेतूने मी हो म्हटलं आणि तीन आठवडे त्याच्याकडे शिकून स्पर्धेला गेलो.

पण मला मजा आली. हे कबूल करायला हवं, कारण पुढचं सगळं त्या मजेतूनच झालं. सकाळी बोचरी थंडी होती आणि नऊला स्वच्छ पिवळं ऊन पडलं. साडूने दिलेली पांढरी टोपी मला बरी दिसते, असं दोघं जण म्हणाले. काठी बरोबर लागली की चेंडू टक असा आवाज करून वर जायचा, क्षणभर उन्हात थांबल्यासारखा वाटायचा आणि मग कुठेतरी दूर सागाच्या बाजूला उतरायचा. अडुसष्टाव्या वर्षी स्वतःच्या अंगातून निघालेली एखादी गोष्ट इतकी लांब जाताना पाहून डोकं ठिकाणावर ठेवणं सोपं नसतं. तिसऱ्या भोकापर्यंत मी गमती टिपायचं विसरलो. पाचव्यानंतर कपाचा विचार करू लागलो.

कप नवशिक्यांच्या गटाचा होता. गटात आम्ही सहा जण होतो.

मैदानाच्या उजव्या अंगाला साडूचीच कपाशी आहे, आणि डिसेंबरात ती फुटलेली असते. पांढरा चेंडू त्यात गेला की सापडणं कठीण. म्हणून नियम केला होता. चेंडू कपाशीत सापडला तर एक फटका दंड घेऊन धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून खेळायचं. नाहीच सापडला तर सुरुवातीला परत जाऊन, दंडासह, पुन्हा मारायचा. चेंडू कुठे पडला ते पाहायला तीन बायका कपाशीत उभ्या केल्या होत्या. प्रत्येकीच्या हातात लाल फडकं.

सकाळी चहाच्या वेळी साडूने त्यांना समोर उभं करून बजावलं होतं. "चेंडू पडला का फडकं वर करायचं. हात लावायचा नाही. आन् मागच्या रविवारी सात चेंडू गेले माये. ज्याच्यापाशी चेंडू सापडला त्याचं काम त्याच घडीले बंद."

त्यातली एक नाल्यापलीकडच्या तांड्यावरची होती. चाळिशीची, उंच, तोंडात तंबाखू. मी कपबशी घेऊन हिरव्या ग्रीनच्या कडेला उभा होतो, तिथे ती आली आणि वाकून गवताला बोट लावून पाहिलं.

"साहेब, हे हराळीच हाय न?"

"हो, हराळीच."

"जल्मभर ईच्या मुया उपटल्या कपाशीतून. आता ईलेच पानी द्याचं." ती हसली. मग माझ्या टोपीकडे पाहिलं. "तुमी बी खेळून राह्यले काय?"

"हो."

"या वयात कायले पायाले तरास देता?"

मी हसलो आणि तिच्या कामाचं विचारलं. तेव्हा तिने सांगितलं की आजचा दिवस नीट गेला तर मालक तिला बारा महिने ठेवणार होते. या हिरवळीला पाणी घालायचं, तण काढायचं, वाळू सपाट करायची. "म्हनून औंदा उसाच्या टोळीत गेलीच नाई मी. दीर गेला, जाऊ गेली. मी थांबली. पोरगी दहावीले हाय. आपन तिकडं गेलो का तिलेबी घेऊन जा लागते, सयपाकाले. मंग कायची शाळा."

मी शिक्षकी आवाजात म्हणालो, "शाळा सोडू नका तिची."

"आता मालकाच्या हाती हाय," ती म्हणाली आणि फडकं झटकत कपाशीत गेली. तिची जागा नवव्या भोकाशी होती.

नववं भोक माझं शेवटचं. खेळाडूच्या फटक्यांची नोंद त्याचा जोडीदार करतो. माझा जोडीदार यवतमाळचे हाडांचे एक डॉक्टर होते. ते मला सर म्हणत, कारण यवतमाळात चष्मा लावणाऱ्या निवृत्त माणसाला सरच म्हणतात. त्यांनी कार्डावरची बेरीज केली आणि म्हणाले, "सर, हे सहात आटोपा. कप तुमचा." कीटकनाशकं विकणारे एक गृहस्थ आधीच खेळून मांडवात बसले होते. मला त्यांना एका फटक्याने हरवायचं होतं.

मी मारलेला चेंडू छान उडाला, छान वळला आणि कपाशीत गेला. लाल फडकं वर झालं आणि लगेच खाली आलं.

डॉक्टरांचा चेंडू डावीकडे झुडपात गेला होता, ते तिकडे वळले. मी धुऱ्यावर पोचलो. समोर कपाशी पार फुटलेली. एकेका झाडावर वीस-वीस पांढरे चेंडू, आणि त्यातला एकही माझा नाही. ती बाई पाच-सहा पावलांवर उभी होती. डाव्या हातात फडकं, उजवा हात कमरेला बांधलेल्या कापडाच्या ओटीत. ओटी कापसाने फुगलेली होती. सकाळपासून नुसतं उभं राहायचं होतं, पण फुटलेल्या कपाशीत उभी असलेली बाई नुसती उभी राहू शकत नाही. हात आपोआप बोंडाकडे जातो, पांढरं दिसेल ते ओढतो आणि ओटीत टाकतो. हे मला तेव्हा सुचलं नाही. तेव्हा मी फक्त डॉक्टरांची पाठ पाहत होतो.

"साहेब," ती म्हणाली. काही सांगायच्या बेतात होती.

माझ्या खिशात दुसरा चेंडू होता. सकाळी प्रत्येकाने आपापल्या दोन चेंडूंवर खूण केली होती. माझी खूण निळा ठिपका. मी तो चेंडू खिशातून काढला, धुऱ्याच्या कडेला सोडला आणि ओरडलो, "सापडला."

तिने तोंड मिटलं. ओटीतला हात तसाच ओटीत राहिला.

डॉक्टरांनी लांबून हात केला. मी एक दंड धरून पुढे खेळलो. दंड मी प्रामाणिकपणे धरला, हे इथे नोंदवण्याचा मोह होतो. पुढचे फटके आयुष्यातले सर्वांत सुंदर होते. सहात आटोपलं.

मांडवात टेबलावर कप मांडले होते. मी पहिल्या रांगेत, साडू शेजारी. जेवणाचा वास येत होता. एवढ्यात ती मागच्या बाजूने आली. ओटीतला कापूस तिने कोपऱ्यात टाकलेल्या चादरीवर ओतला आणि साडूला म्हणाली, "उभ्या उभ्या येचला, मालक. फुकट काहून उभं राहाचं." मग माझ्या खुर्चीमागे येऊन, पदराआडून, हळूच काहीतरी पुढे केलं. "साहेब, हा तुमचा."

तिला तो लपून द्यायचा होता. माझ्यासाठी लपून. पण साडूची नजर जिनिंगवाल्याची, कापसातली काडी लांबून टिपणारी. त्याने तिचा हात धरला नाही, फक्त हात पुढे केला. तिने चेंडू त्याच्या हातावर ठेवला.

"निळा ठिपका," तो म्हणाला. "साडभाऊ, हा त तुमचा. कुठं होता गं हा?"

"कपाशीत होता, मालक. हाताले लागला, येचल्या गेला."

"हात लावायचा नाही म्हटलं होतं. कवाचा?"

ती माझ्याकडे पाहू लागली. साडूही. डॉक्टरांनीही मान वळवली, आणि पलीकडून कीटकनाशकवाल्यांनीही. एक वाक्य पुरेसं होतं. 'हा माझा, मघाचाच. मी खेळलो तो खिशातला.' बारा शब्दांचंही नाही.

मी म्हणालो, "सकाळी मी सराव केला होता जरा. तेव्हाचा राहिला असेल."

म्हणजे चेंडू तिच्याकडे सकाळपासून होता. माझ्या वाक्याचा अर्थ तेवढाच होता, आणि मांडवातल्या प्रत्येकाला तो लागला. साडूने तिला विचारलं, "सकाळचा काय?"

ती माझ्याकडेच पाहत होती. रागाने नाही. परीक्षेत एखाद्या विद्यार्थ्याला शेजाऱ्याच्या पेपरात डोकावताना मी पकडायचो तेव्हा माझा चेहरा असायचा तसा, थोडा कंटाळलेला.

"साहेब म्हनतेत त असंन," ती म्हणाली.

लाल फडक्याची तिने चौकोनी घडी केली, कपांच्या शेजारी टेबलावर ठेवली आणि माळ उतरून गेली. पाच मिनिटांनी मला कप मिळाला. मग माझं भाषण झालं. कागद आदल्या दिवशीच लिहिलेला होता आणि मी त्यातलं एकही वाक्य गाळलं नाही. सदसद्विवेकबुद्धीपाशी मी थोडा थांबलोसुद्धा. तिथे टाळी येणार हे मला माहीत होतं.

आठ दिवस मी स्वतःला सांगत राहिलो की तिला दुसरं काम मिळेल. ज्या माणसाने वर्गात सत्ताधाऱ्यांच्या सबबींवर विनोद केले, त्याला ही सबब कुठल्या जातीची आहे ते कळायला आठ दिवस लागायला नको होते. नवव्या दिवशी बसने साडूकडे गेलो आणि उभ्यानेच सगळं सांगितलं.

तो हसायला लागला. "हे सांगायले एवढ्या दूर आले? अहो साडभाऊ, तो फवारणीचा औषधवाला तिसऱ्या भोकाशी पायानं चेंडू सारत होता, मी सोता पाह्यला. डॉक्टर त तीन फटक्यातला एक मोजतच नाही. बसा, चहा घ्या."

"आणि ती बाई?"

"तिच्या जागी दुसरी लावली न." त्याचं हसू थांबलं. "आता दुसरीले काय म्हणून काढू? तिचंबी पोट हाय."

मी नाला ओलांडून तांड्यावर गेलो. तिच्या दाराला कडी होती. ओट्यावर बसलेल्या सासूने सांगितलं, परवाच गेली, दिराच्या टोळीत, तिकडे कोल्हापूरच्या बाजूला. पोरीलाही नेलं. सासूने मला पाणी दिलं आणि मी कोण ते विचारलं. मी म्हणालो, मास्तर आहे. ती म्हणाली, मास्तरांचे पाय लागले, बरं झालं.

पाडव्यानंतर टोळी परतली तेव्हा मी पुन्हा गेलो. ती दारात कोयत्याला धार लावत होती. दहावीची परीक्षा होऊन गेली होती. मी जे बोलायला गेलो होतो ते बोललो. तिने ऐकून घेतलं. मालकाला मी खरं सांगितलंय, त्याने पुन्हा बोलावलं तर याल का, असंही मी विचारलं. आणि पोरीचा पुढच्या वर्षीचा फॉर्म मी भरतो, तिला शिकवतो, असंही म्हणालो.

"पोरीचं तुमी पाहा," ती म्हणाली. "तिथं मले नाई याचं. उसात कायी हारपत नाई, साहेब."

पोरगी दर रविवारी यवतमाळला माझ्याकडे येते. इतिहासात बरी आहे. आईने तिला काय सांगितलंय ते मी विचारलेलं नाही. कप आमच्या गच्चीवर असतो, बायको त्यात कपडे वाळत घालायचे चिमटे ठेवते. भाषणातलं पहिलं वाक्य साडूने रंगवून फार्महाऊसच्या भिंतीवर लावलं आहे, खाली माझ्या नावासकट. काढ म्हटलं तर म्हणतो, पाहुण्यांना आवडतं.

यंदाच्या नाताळातही स्पर्धा झाली. कपाशीत आता बायका उभ्या करत नाहीत. साडूने नागपूरहून नारिंगी चेंडू आणले आहेत. ते लांबून दिसतात.