आपांनी लावलेला दिवा

नसरीन आपा प्रश्न विचारायच्या आणि उत्तर मिळेपर्यंत समोरच्याच्या डोळ्यांत बघत राहायच्या. अकोल्यातल्या एका खासगी इस्पितळाचे सर्व्हर आम्ही दोघी सांभाळायचो. त्या अकोटच्या, मी वलगावची. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं, "दिवा लावल्याबिगर डिस्कले हात लावशील, त माह्याशी गाठ हाय."

रुग्णांचे स्कॅन ज्या पेटीत साठायचे, तिच्यात एकसारख्या दिसणाऱ्या डिस्क ओळीने बसवलेल्या होत्या. एखादी बिघडली की संगणकावरून तिचा छोटा पिवळा दिवा लावायचा आणि तीच बाहेर काढायची. घाईत भलतीच काढली, तर सगळंच जायचं.

एकदा मी रजेवर होते आणि आपा जेवायला गेल्या होत्या. मॅनेजर गावंडे सरांनी दिवा न लावता, अंदाजानेच डिस्क ओढली. कित्येकांचे स्कॅन गेले. विश्वस्तांपुढे ते खुशाल म्हणाले, "बघा, बाईंनी काय दिवे लावले!" आपांची बढती थांबली. रडणाऱ्या नातेवाइकांची माफीही त्यांनाच मागावी लागली.

"तुम्ही बोलला का नाहीत?" मी चिडून विचारलं.

"कोन आयकते? मी वाट पाहून राहिली."

पुढच्या वर्षी विश्वस्त सर्व्हर बघायला आले, नेमकी तेव्हाच एक डिस्क बिघडली. गावंडे सर ऐटीत पुढे झाले. "मॅडम, दिवा लावा."

संगणकापुढे बसलेल्या आपांनी हात मांडीवर ठेवले. "काहून सर? मांगच्या टायमाले त दिव्याबिगरच ओढली होती तुमी. आजबी ओढा."

सर पेटीपाशी वाकले, एकसारख्या डिस्कांवरून नजर फिरवून मागे सरले. फोन वाजला, मी उचलला. स्कॅन उघडायला फार वेळ लागतोय, वरच्या मजल्यावरून डॉक्टर ओरडत होते. "आपा, पेशंट..." मी कुजबुजले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

"मागच्या वेळी मीच काढली होती," सर पुटपुटले.

"जोरानं बोला. फोनवर डॉक्टर हायेत, त्याईलेबी आयकू द्या."

सर मोठ्याने बोलले. मग आपांनी बटण दाबलं आणि दिवा लागला.

गावंडे सरांना काढून टाकलं. जाताना ते आपांची माफी मागायला आले, तर आपांनी मान वर केली नाही. त्याच महिन्यात आपांनीही नोकरी सोडून अमरावती गाठली.

निघताना बसस्टँडवर मी त्यांना विचारलं, "आता तरी राग गेला का?"

"काहून जाईन?" बॅग उचलत त्या म्हणाल्या. "त्या लोकाईचे स्कॅन वापस आले काय?"

आणि त्या माझ्याकडे बघत राहिल्या.