टोकन आणि टाळकं

भोरचा हनीफ टेम्पो चालवायचा आणि धरणग्रस्तांची भांडणं भांडायचा. शाळा सातवीपर्यंत, कायदा तो कचेऱ्यांच्या व्हरांड्यात उभ्या उभ्या शिकला. जीभ अशी तिखट, की त्याच्याशी बोलायचं म्हटलं तर कारकून आधी घोटभर पाणी प्यायचे. त्या जिभेचा त्याला भारी गर्व होता.

२००६ साली गुंजवण्याजवळच्या एका वाडीतल्या सात घरांसाठी त्यानं दिल्लीची सुनावणी मिळवली. घरं धरणाच्या पाण्याखाली गेलेली, कागद कधी नव्हताच. कुणाची चूल कुठं होती, कुणाचा गोठा कुठं, हे तोंडपाठ सांगणारी एकटी ठकुबाई उरली होती. सत्तरी उलटलेली. तिची जबानी झाली तर सात घरांना जमीन, नाही तर काहीच नाही.

दिल्लीला झेलम एक्सप्रेसमधून उतरून दोघं मेट्रोच्या ठेसनात गेली. हनीफलाही ते नवंच. पण दोन मिनिटं लोकांचे हात न्याहाळून त्यानं सगळं हेरलं. कॅरमच्या सोंगटीएवढं टोकन. यंत्राला नुसतं लावायचं, की फाटक आपोआप उघडतं. ना कंडक्टर, ना घंटी. तो ऐटीत पलीकडं गेला.

ठकुबाईचं टोकन पदराच्या गाठीत होतं. हरवू नये म्हणून. मागं रांग तुंबली.

"टेकवा, मावशी!" हनीफ ओरडला. "हितं टेकवा की!"

ठकुबाईनं उजेड लुकलुकणाऱ्या त्या यंत्राकडं पाहिलं. एसटीत चढतानाही पायरीला हात लावून कपाळाला लावणारी बाई ती. तिनं पदर सावरला, हात जोडले, वाकली आणि यंत्रावर माथा टेकवला.

"अवो मावशी, टोकन म्हनलो म्या, टाळकं न्हाई!"

रांगेत पुण्याची चार पोरं होती. ती खो खो हसली. आपली कोटी जमली म्हणून हनीफही हसला.

"तूच म्हनलास टेकवा," ठकुबाई हळू म्हणाली. तिनं गाठ सोडून टोकन यंत्राला लावलं. मग पदर पुढं ओढून ती हनीफच्या मागं चालू लागली.

सुनावणीत साहेब चांगला भेटला. दुभाषाही मराठी होता. "बोला आजी," दुभाषा म्हणाला, "कोणाचं घर कुठं होतं?"

ठकुबाईनं समोरच्या माईककडं पाहिलं, मग हनीफकडं. "मला काय कळतंय? त्योच बोलंल."

हनीफ बोलला. दहा मिनिटं, टेबलावर मूठ आपटत. साहेबानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही त्या वाडीचे का?"

"न्हाई. भोरचा."

"मग तुमची जबानी धरता येणार नाही," म्हणत साहेबानं पेन खाली ठेवलं.

परतीच्या गाडीत हनीफनं वाडीला काय सांगायचं ते मनाशी जुळवून ठेवलं: साहेबाला वेळ नव्हता. पण वाडीच्या बैठकीत सातांतल्या एका घरच्या कुंडलिकनं विचारलं, "मावशीची जबानी झाली का?" आणि तो तोंड उघडायच्या आत ठकुबाईच म्हणाली, "सायबाला येळच न्हवता बाबा."

आपल्या मनातली लबाडी आपल्यालाच झाकायला ती बोलली, हे ऐकून हनीफला बसवेना. तो उठला. "येळ लई होता. मावशी बोलल्या न्हाईत, कारन म्या त्यांचं चारचौघांत हसं केलं." माथा, यंत्र, पोरं, सगळं सांगितलं.

कुंडलिक बघतच राहिला. "म्हंजे आमची घरं तुज्या इनोदापायी गेली?"

हनीफनं पिशवीतून कोरा कागद काढला.

त्यानं तिथंच फेरसुनावणीचा अर्ज लिहायला घेतला. कारणाच्या जागी लिहिलं: साक्षीदार बाईंचा मी अपमान केल्यामुळे त्या बोलू शकल्या नाहीत. खाली आपलं पूर्ण नाव घातलं. अर्ज मंजूर होईल की नाही, कोण जाणे.

शाईचा पॅड पुढं सरकवला, तर ठकुबाईचा हात अधांतरी थांबला.

"काय टेकवू रं?"

हनीफनं मान खाली घातली. "अंगठा, मावशी. डाव्या हाताचा अंगठा टेकवा. हितं, माज्या नावाशेजारी."