रॉकेट पाय का चाटतो

ताईबाई आमच्या शाळेत खिचडी शिजवते. शाळा अमळनेरपासून सात किलोमीटरवर. मी तिथे पंधरा वर्षं शिकवतेय, त्यामुळे तिची एकुलती एक लेक मोनाली माझ्याच हाताखालून गेली. मोनाली चौथीत असताना तिचे वडील वारले. तेव्हापासून घरात दोघीच.

बारावी झाल्यावर मोनालीने भरतीचा ध्यास घेतला. रोज सकाळी गावाबाहेरच्या पाझर तलावाच्या बांधावर ती धावायची. एके दिवशी एक पिवळसर पिल्लू तिच्या मागे पळत सुटलं आणि थेट घरापर्यंत आलं. तिने त्याचं नाव ठेवलं रॉकेट. पुढे दोन वर्षं ती आणि रॉकेट बरोबरच धावले. तिसऱ्या प्रयत्नात ती निमलष्करी दलात निवडली गेली. गावाने फटाके वाजवले, सरपंचांनी शाल दिली. मग प्रशिक्षण, आणि मग थेट आसाम.

दर रविवारी संध्याकाळी तिचा फोन येई. शेजारच्या नथ्थूआबांच्या घरापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ताईबाई बोलायची.

"माय, तू कशी शे?"

"मी बरी शे. पन तुना रॉकेट नई जेवस नीट. तुनी वाट देखस."

फोनवर सगळी खबर रॉकेटचीच. रॉकेट दारात बसून राहतो, रॉकेट बांधाकडे बघतो, दिवाळीला तू येणार म्हणून रॉकेट खूश आहे. स्वतःबद्दल मात्र दोनच शब्द, बरी शे. दिवाळीची सुट्टी ऐनवेळी रद्द झाली, तेव्हाही ताईबाई एवढंच म्हणाली, "रॉकेटले वाईट वाटनं."

दिवाळीनंतर रॉकेट पाय चाटायला लागला. उजवा पुढचा पंजा. उन्हात बसला की चाटायचा, चुलीजवळ बसला की चाटायचा. पांढरट पंजा हळूहळू तांबूस झाला.

"मुक्या जिवाले बी याद येस, ताईबाई," नथ्थूआबा म्हणाले.

मीही मोबाईलवर वाचलं होतं, एकटी पडलेली कुत्री कंटाळून पाय चाटत बसतात. मी शहाणपणाने तिला ते सांगितलं. ताईबाईने मान डोलावली. खरं सांगायचं तर तिला त्यात वाईट वाटलेलं दिसलं नाही, उलट थोडा आधारच मिळाला. घरात आपल्यासारखं आणखी कुणीतरी झुरतंय, एवढं तिला पुरेसं होतं. संध्याकाळी ती ओट्यावर त्याच्याजवळ बसायची, पाठीवर हात ठेवायची. पंजा उचलून बघावा हे तिच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही.

महिनाभराने तो लंगडू लागला. वरवर हळद-तेल झालं, कडुलिंबाच्या पाल्याचं पाणी झालं. मग त्याने भाकरीला तोंड लावणं सोडलं.

एका शनिवारी ताईबाई खिचडी शिजवायला आली नव्हती आणि शाळाही लवकर सुटली. मी स्कूटीवरून अमळनेरला निघाले तर अर्ध्या रस्त्यात ताईबाई दिसली. वीस-बावीस किलोचं ते कुत्रं तिने गोणपाटात गुंडाळून खांद्यावर घेतलं होतं. एसटीच्या कंडक्टरने कुत्र्याला चढू दिलं नव्हतं. तिच्या मानेवरून घाम ओघळत होता आणि रॉकेटने तिच्या खांद्यावर निमूट डोकं टाकलं होतं.

"मला फोन का नाही केला?" मी रागावलेच.

"तुमनी शाळा व्हती ना, मॅडम."

मी दोघांना मागे बसवलं.

जनावरांच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. रॉकेटला टेबलावर ठेवताच तिने विचारलं, "चारही पाय चाटतो की एकच?"

"एकच. उजवा," ताईबाई म्हणाली.

"खाज असती, ॲलर्जी असती, तर बहुतेक वेळा एकापेक्षा जास्त पाय चाटले असते. एकच पाय धरून बसलाय म्हणजे आत काहीतरी रुतलं असणार."

"पण याची मालकीण लांब गेलीय, त्यामुळे…" मी सुरू केलं.

"कंटाळूनही चाटतात, मॅडम," ती शांतपणे म्हणाली. "पण तसं म्हणायच्या आधी पाय बघायचा."

तिने त्याचं तोंड पट्टीने बांधलं, बोटं फाकवली. बोटांच्या बेचक्यात सुजलेली गाठ होती आणि तिच्यातून पू येत होता. भूल देऊन तिने बारीक चिमटा आत घातला. दोनदा रिकामा आला. तिसऱ्यांदा एक कुसळ निघालं, गवताचं, नखाएवढं. रॉकेट बांधावरच्या गवतातून जात-येत असे, तिथेच कुठेतरी ते रुतलं होतं आणि चालताना आत आत सरकत गेलं होतं.

ताईबाईने ते तळहातावर घेतलं. बाहेर व्हरांड्यात येऊन ती भिंतीला टेकली आणि रडायलाच लागली.

"मी म्हने, तो पोरीसाठी झुरी राह्यना. त्याना पायमा कुसळ व्हतं, मॅडम. दीड महिना व्हतं. मी देखं बी नई."

मीही बघितलं नव्हतं.

थोड्या वेळाने तिने डोळे पुसले आणि फोन माझ्या हातात दिला. "लावा तिले."

रविवार नव्हता, संध्याकाळ नव्हती. मोनाली घाबरूनच बोलली. "काय व्हयनं, माय? रॉकेट कसा शे?"

"रॉकेट बरा शे. पायमा कुसळ व्हतं, निंघनं." ताईबाई भिंतीकडे वळली. मग तिचा आवाज इतका खाली गेला की मला जवळ असूनही जेमतेम ऐकू आला. "माले याद येस तुनी. त्याले नई, माले."

पलीकडून आधी एक हुंदका. मग रडण्याचा आवाज.

"तू बरी शे म्हनत व्हती, म्हनीसन मीबी तेच म्हनू, माय."

मी रस्त्यावर जाऊन उभी राहिले. त्या दोघी अर्धा तास बोलत होत्या.

रॉकेटचा पाय पंधरा दिवसांत भरला. चाटू नये म्हणून ताईबाईने तेलाचा प्लास्टिकचा डबा कापून त्याच्या गळ्यात अडकवला. मुलं हसायची, तो खिचडीच्या रांगेत तसाच डौलात फिरायचा. मिठाच्या कोमट पाण्यात पाय बुडवणं, पुसणं, औषध लावणं, यात ती एकही दिवस चुकली नाही.

सुट्टी मात्र मोनालीला महाशिवरात्रीलाही मिळाली नाही. मे महिन्यात शाळा बंद झाली तेव्हा ताईबाई म्हणाली, "मीच जास." जळगावच्या पुढे जी कधी गेली नव्हती, ती. मोनालीने आपल्या तिथल्या एका मैत्रिणीकडे उतरायची सोय केली, मी तिकीट काढलं. रॉकेटला नथ्थूआबांनी ठेवून घेतलं.

दुपारच्या गाडीला मी तिला भुसावळला सोडायला गेले. ज्वारीच्या वाळवलेल्या बिबड्या, कळण्याच्या भाकरीचं पीठ, ठेचा, अशी पिशवी मांडीवर धरून ती खिडकीत बसली होती.

"तिले देखावर पहिले काय बोलू, मॅडम?" तिने विचारलं.

"दीड वर्षाचं साठलंय की सगळं," मी म्हणाले.

तिने मान हलवली. एवढं सगळं एकदम कसं बोलायचं, हेच तिला समजत नव्हतं. गाडीने हिसका दिला, तशी ती गजाला धरून म्हणाली, "जेवनी का, इतलंच इचारसू."